जिभेवरचा साबण

आमच्या घरात भाजी कुणी चाखून बघत नसे, साबण मात्र चाखून बघितला जायचा. अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, नियम कडक होता. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत पळीतला थेंबही जिभेला लागता कामा नये. मीठ-मिरची सगळी हाताच्या अंदाजानं. आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून वीस पावलं गेलं की पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांची साबणभट्टी. तिथं भल्यामोठ्या लोखंडी कढईत तेल आणि कास्टिक सोड्याचं पाणी सकाळपासून रटरटत असायचं. दुपार कलली की भट्टीवरचे रसूलचाचा लाकडी दांड्याच्या टोकावर थोडा साबण उचलायचे, कौलाच्या तुकड्यावर निववायचे आणि जिभेच्या शेंड्याला लावायचे. जिभेला चटका बसला तर साबण कच्चा, त्यात कास्टिक उरलंय, अजून तेल घाला. काहीच झालं नाही, नुसती साबणाची बेचव लागली, तर साबण झाला. चाचा थुंकून चूळ भरायचे आणि तोंडात गुळाचा खडा टाकायचे. मग अप्पा तेच करायचे, डोळे मिटून, आणि मान हलवायचे. कायम चाचा आधी, अप्पा नंतर. उदगीरच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं की या दोन जिभांवरून उतरल्याशिवाय आमची वडी हिरव्या कागदात गुंडाळली जात नाही.

पुढं तीसेक वर्षं मी ज्या कारखान्यांत नोकरी केली, तिथं कुणी असं काही केलं असतं तर मी स्वतः त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. पण तेव्हा मला त्या दोन जिभांचा फार अभिमान होता. मैत्रिणींना मी मुद्दाम दुपारी घरी आणायचे, वडील साबण खातात हे दाखवायला.

आमचं घराणं मोंढ्यातल्या आडतीचं, करडी आणि तुरीच्या व्यापारातलं. अप्पांनाच काय सुचलं कोण जाणे, तेलगिरण्यांच्या पिंपात तळाला बसणारा गाळ विकत घेऊन त्यांनी कपड्यांचा साबण करायला घेतला. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे, तेव्हा चरबीचा थेंब भट्टीत येणार नाही ही शपथ होती, आणि त्या शपथेवरच साबण खपायचा. बिदरकडून येणारे दुकानदार अव्वाशी कानडीत गप्पा मारत ओट्यावर चहा प्यायचे आणि जाताना खोकी घेऊन जायचे. सगळ्या घराला करडीच्या तेलाचा आणि कोमट साबणाचा वास असायचा. आमच्या वह्यांना, अंथरुणांना, अव्वानं सणाला केलेल्या हुग्गीच्या खिरीलासुद्धा. तो वास मला इतका अंगवळणी पडला होता की पहिल्यांदा लातूरला मावशीकडं राहायला गेले तेव्हा तिथं काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, आणि चुकत काही नव्हतं, फक्त वास नव्हता.

जेवताना एक खेळ ठरलेला होता. अप्पा पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, मीठ कमी हाय. अंबाडीची भाजी असो, शेंगाची चटणी असो, मीठ कमीच. अव्वा मिठाची वाटी त्यांच्या ताटाशी सरकवायची. मी आणि माझा धाकटा भाऊ शिवा आधीच पैज लावून बसलेलो असायचो, आज म्हणतात की नाही, आणि त्यांनी म्हटलं की फिसकन हसायचो. अव्वा डोळे वटारायची. का वटारते ते आम्हाला कळत नव्हतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला निटूरकर सर रसायनशास्त्र शिकवायला आले आणि माझं डोकं फिरलं. हे मी कौतुकानं लिहितेय. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, उद्या येताना प्रत्येकानं घरातली अशी एक वस्तू आणा, जिला रसायनाच्या कारखान्याचा हात लागलेला नाही. आम्हाला वाटलं, यात काय अवघड. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग पडला. मी ओंजळभर जोंधळे नेले होते. सरांनी विचारलं, शेतात खत कुठलं टाकलं? मी म्हटलं, युरिया. ते म्हणाले, म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करणाऱ्या एका अगडबंब कारखान्यातून तुझी भाकरी आली. आणि कीड पडली तेव्हा फवारलंस ते दुसऱ्या कारखान्यातून. एकीनं आजोबांचं पांढरं उपरणं आणलं होतं. ते पांढरं झालं क्लोरीननं, आणि त्याचा लाल काठ रंगांच्या कारखान्यातला. सर म्हणाले, कपड्याचे रंग आणि आपण गिळतो त्या गोळ्या ही चुलत भावंडं आहेत, एकाच डांबरातून निघालेल्या मालापासून दोघांची सुरुवात झाली. कुणी आडाचं पाणी आणलं होतं. पाणी पास झालं, पण ज्या कॅनमधून आणलं तो नापास, कारण तो खनिज तेलातून आलेला. शेवटी एकानं थाटात किल्ल्याचा दगड पुढं केला. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. सरांनी दगड फिरवून बघितला, त्याला चिकटलेला चुना नखानं खरवडला आणि म्हणाले, चुन्याची भट्टी ही तर आपली सगळ्यात जुनी फॅक्टरी.

मग त्यांनी फळ्यावर आमच्या उदगीरचा बाजार काढला. एका बाजूला मोंढ्यातली आडत. इथं गंधकाचं आम्ल, कास्टिक, अमोनिया, क्लोरीन. माल टँकरनं येतो, भाव आणि वजन एवढंच बोलायचं, माल कुणाचा हे गिऱ्हाईक विचारत नाही. मधे किराणा दुकान. इथं साबण, भिंतीचा रंग, टूथपेस्ट, वर कागद, कागदावर नाव, आणि नावालाच किंमत. कोपऱ्यात अत्तरवाला. त्याच्याकडं सगळं कुपीत. कुणाला औषधातलं मूळ द्रव्य हवंय, कुणाला सिमेंट लवकर घट्ट करणारं काही, कुणाला रंग सुकवणारं. थेंबभरच लागतं, पण त्या थेंबाशिवाय काम अडतं. आणि या तिघांच्या मागं, सर म्हणाले, बाजारात न दिसणाऱ्या वाटा आहेत, कारण यातला प्रत्येक जण दुसऱ्याचा माल घेऊनच आपला माल करतो. एकाचा उरलेला गाळ हा दुसऱ्याचा कच्चा माल. मी बाकावर सरळ बसले. गाळ म्हटल्यावर मला अप्पांची पिंपं आठवली. मला वाटलं, हे तर आमच्याच घरचं सांगायलेत.

त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, पळत आले. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून चार दिवस मी एक मोठा नकाशा केला आणि शेडमध्ये टांगला. वर मीठ, गंधक, चुना, हवा, खनिज तेल. खाली खतं, रंग, औषधं, प्लास्टिक, साबण. आणि मधे बाणच बाण. रसूलचाचांना मी मिठापासून निघालेला बाण दाखवला. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की एकीकडं क्लोरीन निघतो आणि दुसरीकडं आपलं कास्टिक. चाचा बराच वेळ कास्टिकच्या पिंपाकडं बघत राहिले. नमक से, ते दोनदा म्हणाले. अप्पा मात्र कमरेवर हात ठेवून सगळा नकाशा वाचत होते. "यात आपण कुठं हाव?" त्यांनी विचारलं. मी साबणाच्या चौकोनाच्या कडेला दिलेला एक ठिपका दाखवला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो ठिपका कोळशानं थोडा मोठा झालेला होता.

मला त्या नकाशात शिरायचं होतं. मुंबईच्या एका कॉलेजात बी.एस्सी.नंतर रसायन तंत्रज्ञान शिकवतात हे सरांनी सांगितलं होतं. प्रवेशपरीक्षा नांदेडला होणार होती आणि अर्जावर वडिलांची सही लागत होती. अर्ज दोन आठवडे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर पडून होता. अप्पा नाही म्हणत नव्हते. बघू म्हणत होते, आणि आमच्या घरात बघू म्हणजे काय हे लहानपणापासून माहीत होतं.

तेवढ्यात रमजान लागला. रमजानात आमची भट्टी महिनाभर बंद असायची. चाचांचा रोजा असतो, त्यांना साबण तोंडात घालता येत नाही, तर मग मीही एकटा घालणार नाही, असं अप्पा म्हणत. गावात याचं मोठं कौतुक होतं. दोस्ती असावी तर अशी, असं लोक म्हणायचे. त्या वर्षी मात्र ईदच्या आधी जत्रा होती, दुकानदार साबण मागत होते, आणि मला माझी संधी दिसली. मी अप्पांना म्हटलं, जिभेची गरजच नाही. कॉलेजात एक औषध आहे, फिनॉल्फथॅलीन. दोन थेंब टाकायचे; गुलाबी झालं तर कास्टिक उरलंय, नाही झालं तर साबण झाला. अव्वा दारातून म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला. अप्पा मात्र माझ्याकडं टक लावून बघत होते. "जिभेबिगर एक कढई पक्की उतरवून दाव," ते म्हणाले. "मग सही करतो."

असा दिवस आयुष्यात पुन्हा आला नाही. पुढं मी सात-सात मजली उंच यंत्रं चालू केली, पण त्या सकाळी साडीचा पदर खोचून कढईपुढं उभी राहिले तेव्हाची धडधड वेगळीच होती. तेल तापलं, चाचांनी कास्टिकचं पाणी धार धरून सोडलं, कढई फेसाळून वर आली आणि खाली बसली. दुपारी मी थोडा साबण काचेच्या पेल्यात पाण्यात विरघळवला आणि थेंब टाकले. गर्द गुलाबी. शेडमध्ये आलेले शेजारीपाजारी हरखून गेले. मी ऐटीत सांगितलं, चाचा, तेल घाला. पुन्हा बघितलं, पुन्हा गुलाबी. अजून तेल. रंग फिकट व्हायचा, पण जायचा नाही. चौथ्या वेळी चाचांनी दांडा वर काढून मला दाखवला. "बेटी, साबुन दांडे कू छोड़ रा नै. तेल जादा हो रा," ते हळूच म्हणाले. मी त्यांना पेला दाखवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं काहीसं बोललेही. पंचवीस वर्षं कढई ढवळणाऱ्या माणसाला मी पेला दाखवला, याची आजही लाज वाटते. चाचांनी तेल घातलं. रंग अगदी पुसट झाल्यावर संध्याकाळी कढई साच्यांत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साच्यांत बोट घातलं तर बोट आत गेलं. साबण नव्हता तो, शिरा होता, वर तेल सुटलेला. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते आणि आता ते हळकुंड सगळ्या शेडभर पसरलं होतं. कुणाला तोंड न दाखवता मी सरांच्या घरी गेले. ते पेपर वाचत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, साबण पाण्यात विरघळवलास का? मी हो म्हटलं. ते हसायला लागले, आणि मला त्यांचा इतका राग आला की रडू थांबलं. मग त्यांनी समजावलं. साबण पाण्यात गेला की तो स्वतःच थोडासा अल्कली सोडतो. जगातला कितीही पक्का साबण घे, पाण्यात तो गुलाबीच होणार. खरं बघायचं तर स्पिरिटमध्ये विरघळवायचा. तिथं तो गप्प बसतो आणि उरलेलं कास्टिक असेल तरच रंग दिसतो. ते स्वतः कॉलेजात गेले, स्पिरिटची बाटली आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, भट्टीपासून चांगली लांब ठेव.

बाटली घेऊन परतताना मला एक गोष्ट पक्की कळली होती. अर्जाचं काय व्हायचं ते होवो, पण ही कढई मला दुरुस्त करायची होती. अप्पा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, चाचा साच्यांपाशी. मी म्हटलं, साबण चांगला झाला होता, काल दुपारीच झाला होता. मी तो बिघडवला. चाचांनी सांगितलं ते मी ऐकलं नाही. आणि मग पाणी, स्पिरिट, गुलाबी, सगळं एका दमात सांगितलं. अप्पा म्हणाले, पुन्हा पेटवा.

साच्यांतला सगळा शिरा खरवडून आम्ही पुन्हा कढईत घातला. शिवासुद्धा बाह्या सरसावून आला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जास्वंदीखाली मी स्पिरिट मांडलं. पहिला तुकडा विरघळला, थेंब टाकले, आणि पाण्यासारखं स्वच्छ राहिलं. म्हणजे कास्टिक शिल्लक नाही, नुसतं तेल माजलंय. आता चाचा चमच्याचमच्यानं कास्टिक सोडायचे, उकळू द्यायचे, आणि मी कढई ते जास्वंद, जास्वंद ते कढई पळायचे. अकराव्या खेपेला पेल्यात अगदी पुसट गुलाबी आलं आणि टिकलं. मी ओरडले, बस. एक पळी तेल, पुन्हा उकळी, आणि रंग गेला. चाचांनी दांडा वर धरला. साबण दांड्याला सोडून पदरासारखा खाली घसरला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला, आदल्या दिवशी मी पेला धरला होता तसा.

तिसऱ्या दिवशी साच्यातून वडी काढली आणि अप्पांनी ती फरशीवर आपटली. टणक आवाज आला. पण पैज पहिल्या कढईची होती आणि ती मी हरले होते. अर्जाची मुदत ईदच्या आधी संपत होती. मी अप्पांना म्हटलं, ईद होऊ द्या, चाचा जिभेनं बघतील, तेव्हा तुमची खात्री पटेल. अर्ज पुढच्या वर्षी भरीन. अप्पांनी मला समोर बसवलं. चाचा उठून जायला लागले तर त्यांनाही बसवलं.

"माझी जीभ मेलीय, गिरजे," ते म्हणाले. "लई सालं झाली. खारट, आंबट, कायबी कळत न्हाई. कास्टिकनं खाल्ली. रसूलला ठाव हाय आन तुझ्या अव्वाला ठाव हाय. रसूलनं मान हलवली की मी हलवतो. रमजानात भट्टी बंद, तर लोक म्हणत्यात, अप्पा लई मोठ्या मनाचे. मन कसलं? घरात जीभच न्हाई."

मी चाचांकडं बघितलं. ते कौलाचा तुकडा हातात फिरवत होते.

"आता त्याचीबी जाईल," अप्पा म्हणाले. "जिभेनं मला कच्चा हाय का पक्का हाय एवढंच सांगितलं. कशानं झाला, ते कधी सांगितलं न्हाई. तू चुकलीस आन कशानं चुकलीस तेबी सांगितलंस. दे इकडं तो कागद."

त्यांनी सही केली. जत्रेचा साबण कुणाच्याही जिभेला न लागता गुंडाळला गेला आणि मी अर्ज टपालात टाकला. त्या दुपारी जेवताना अप्पांनी पहिला घास घेतला आणि मीठ कमी हाय म्हणाले. शिवा सवयीनं माझ्याकडं बघून हसला. मी मिठाची वाटी अव्वाच्या आधी उचलून अप्पांच्या ताटाशी ठेवली. अव्वानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. रात्री मी शिवाला सगळं सांगितलं.

ईदच्या दिवशी चाचा नवा सदरा घालून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. सवयीनं आधी शेडमध्ये गेले, एक वडी फोडली आणि तुकडा तोंडाशी नेला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि स्पिरिटची बाटली पुढं केली. त्यांनी तुकडा पेल्यात टाकला, हलवला, माझ्याकडून मोजून दोन थेंब घेतले. पेला उजेडात धरून ते बघत राहिले. रंग आला नाही. "तो अब ये जबान किस काम की?" त्यांनी विचारलं. अव्वा म्हणाली, शीरखुर्म्याला ठेवा की.

आम्ही सगळे ओट्यावर बसलो. नवीन भांड्यात शेवया, खारीक, वर चारोळी. अप्पांच्या तोंडून आता साखर कमी हाय निघणार म्हणून शिवानं माझ्याकडं बघितलं, आणि मग आठवून खाली बघितलं. अप्पांनी वाटी सावकाश रिकामी केली, बोटानं कड पुसून घेतली.

"रसूल, लई गोड झालाय," ते म्हणाले.

चाचांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदाच अप्पा आधी होते आणि चाचा नंतर.